खिळ्यावरचं माप

४ फेब्रुवारी

ताई,

म्हणजे पुन्हा तेच. "लांब बसून शहाणपण शिकवायला तुझं काय जातं?" काही जात नाही बाई माझं. पण मी विचारलं काय होतं? आबांची शुगर किती आली, एवढंच ना? तू चार पानं लिहिलीस. साडेतीन पानं माझा उद्धार, आणि शेवटी कोपऱ्यात, जागा उरली म्हणून लिहावं तसं, तीनशे दहा.

फोनवर तू रडतेस, मी ओरडतो आणि आबा शेजारी बसून ऐकतात, म्हणून पत्रच बरं, हे तूच ठरवलंस. आता पत्रातही ओरडायला लावू नकोस.

मान्य आहे, मी बुटांचे चाळीस जोड अर्धवट टाकून आलो. शाळेचे जोड होते, ऐन हंगाम होता, आबांनी एकट्याने बसून पुरे केले, त्यात त्यांची पाठ गेली. दोन वर्षांत हे मी तुझ्याकडून इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतून उठवलंस तरी म्हणून दाखवीन. माझं बूड एका जागी टिकत नाही, म्हणून तर आबांनी मला भिंगरी म्हटलं. दिवसभर बैठकीवर बसून दुसऱ्यांच्या पायांकडे बघत राहणं मला जमलं नाही. झालं? पुढे बोलू?

इथे मी दवाखान्याच्या मुदपाकखान्यात आहे हे तुला माहीत आहे. आधी भांडी घासायचो. आता महिना झाला, ताटं लावतो. ज्याच्या ताटावर निळं कार्ड, तो शुगरवाला. आमच्याकडे आहाराच्या बाई आहेत, त्यांना आम्ही मागून वजनकाटा म्हणतो, कारण त्या भाताचा डाव हातात घेऊन बघतात आणि म्हणतात, "वीस ग्रॅम जास्त आहे, काढ." आणि खरंच वीसच असतो! त्यांच्याकडून मी शिकलोय ते लिहितो. अर्धं ताट भाजी, तीही पाण्यात गाळ करून नाही, वाफेवर, चावायला लागेल अशी. पाव ताट डाळ नाहीतर मासा नाहीतर अंडं. उरलेलं पाव ताट भात. पाव, ताई. आबांचा डोंगर नाही. बटाटा हा भाजीत धरायचा नाही, तो भातातच धरायचा. फळ खायचं, फळाचा रस प्यायचा नाही. तळण बंद. आणि जेवण झालं की दहा मिनिटांनी उठून चालायचं, रोज अर्धा तास.

तुला वाटेल, याला अचानक एवढा पुळका कुठून आला. सहा नंबरच्या वॉर्डात एक गवंडी आहे. त्याचं ताट मीच नेतो. परवा गेलो तर झोपला होता. अंगावर पांढरी चादर. एका बाजूला पायाचा उंचवटा होता आणि दुसऱ्या बाजूला गुडघ्याच्या खाली चादर सपाट. शुगरनेच गेला पाय. मी ताट ठेवलं आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो.

आबांना डॉक्टरने तीन महिने दिलेत ना? मग तीन महिने माझं ऐक. मग पुन्हा शिव्या दे.

भिंगरी

२३ फेब्रुवारी

भिंगरीशेठ,

तुमचा हुकूम पोचला. अर्धं, पाव, पाव. मी ताटावर खडूने रेघा मारल्या. आबांनी ताट फिरवलं आणि म्हणाले, "हे बघ, भाताची बाजू माझ्याकडे आली, आता अर्धं भाताचं." त्यांच्याशी कसं वागायचं ते वजनकाट्याला विचारून कळव.

वाफेवरचा कोबी केला. एक घास चावून म्हणाले, "आजाऱ्याचं जेवण आजारीच लागतं." मग मी लसूण, मिरं आणि लिंबू वाढवलं तेव्हा कुठे गिळलं. आता गाजर, वाटाणा, डाळ असं सगळं एकत्र शिजवते, वरून थेंबभर तेल. त्याला ते "खिचाट" म्हणतात, पण संपवतात. मी दिवसभर कारखान्यात पडदे शिवते, घरी येऊन ही वाफेची भांडी मांडते आणि तू लांबून ग्रॅम मोजतोस. असो. उद्धार साडेतीन पानं नको म्हणालास म्हणून आवरते.

पण ही गंमत ऐक. गेल्या पंधरवड्यात डबा माझा, माप माझं, तरी शुगर खाली येईना. आबा काम करताना तोंडात खिळे धरतात ते तुला माहीत आहे. खिळे तोंडात असले की बोलत नाहीत, नुसते "हं हं" करतात. परवा मी दुकानात गेले. काहीतरी विचारलं. "हं हं." पण ठोकायला हातात काहीच नव्हतं. मी म्हटलं, आबा, तोंड उघडा. उघडेनात. अरे, लहान पोराचा जबडा दाबावा तसा दाबला मी! तोंडात साखरेचा खडा. खिळ्यांच्या डब्यात खाली साखर आणि वर खिळे. चाळीस वर्षं त्या डब्याला कोणी हात लावला नाही, म्हणून सगळ्यात सुरक्षित जागा.

हसू आलं आणि मग रडूही आलं. डब्यातली साखर फेकली. म्हणाले, "चहात नाही, भातात नाही, आता खिळ्यातही नाही. मग उरलं काय?"

चालायचं मात्र नाव नको. म्हणतात, "जगाला चालतं केलं, आता बसू दे." त्यांच्या पायातले ते जुने सपाट जोड बघितलेस तर तूही चालणार नाहीस. स्वतःसाठी जोड करायला त्यांना कधी वेळ झाला?

डॉक्टर म्हणाले, मेच्या आत दोनशेच्या खाली आलं नाही तर सुई सुरू, आणि डोळे-पाय जातात ते असेच जातात.

ताई

१४ मार्च

ताई,

पार्सल निघालं! आत जोड आहे. चालायचा, जाड तळाचा, खरं चामडं.

आता तू म्हणशील माप कुठून आणलंस. सांगतो. मी निघालो त्या दिवशी दुकानातल्या खिळ्यावरून आबांच्या पायाच्या मापाचा कागद काढून घेतला होता. का घेतला ते विचारू नकोस. तुझा होता, माझा होता, अख्ख्या गल्लीचे कागद होते, हाताला त्यांचाच लागला. तेव्हापासून पेटीच्या तळाशी होता. तो घेऊन दुकानात गेलो. विकणारी मुलगी म्हणाली, "नंबर सांगा." मी म्हटलं, नंबर कारखान्याला, आमच्याकडे कागद असतो. त्याच्यावरून दुसरा कागद कापून जोडाच्या आत घातला. हसत होती, हसू दे. चार जोड बाजूला टाकले, पाचव्यात कागद असा बसला की कडेला सुईसुद्धा जाणार नाही. लांबीला बरोबर, चवड्याला बरोबर.

आता नीट ऐक. आबा तो हातात घेतील, नावं ठेवतील आणि लाकडी साच्यावर चढवून सैल करायला बघतील. करू देऊ नकोस. सैल जोडात पाय घसरतो, म्हातारा माणूस पडेल कुठेतरी. सांग, भिंगरीने तुमच्याच कागदावर घेतलाय. मोठ्या माणसाचं माप एकदाच घ्यायचं, मग कागद खिळ्यावर, हे तुम्हीच सगळ्यांना सांगता ना? मग आता तुमच्याच कागदावर तुमचाच भरवसा नाही का, असं विचार. गप्प बसतील.

गवंडी बरा आहे. इथे शुगरवाल्यांचे पाय नर्सबाई रोज उलटेसुलटे करून बघतात, कशाला ते ठाऊक नाही. ते त्यांचं काम, माझं ताटाचं.

जोड घातला का ते लगेच कळव. आणि ते काही बोलले तर शब्दन् शब्द लिही.

भिंगरी

१८ एप्रिल

भिंगरी,

शब्दन् शब्द लिहिते, बस ऐकत.

पार्सल बघून आधी, "हे कुणाचं?" मी म्हटलं, तुमच्या चिरंजिवांचं. हात लावला नाही. दोन दिवस खोकं बैठकीशेजारी तसंच. तिसऱ्या दिवशी मी कारखान्यातून आले तर खोकं उघडं. जोड मांडीवर घेऊन बसलेले. वास घेतला, तळ वाकवला, टाचेवर हातोडीच्या दांड्याने टकटक केलं. म्हणाले, "यंत्राने शिवलाय. पण यंत्राला अक्कल दिसते."

साच्याकडे बघितलं त्यांनी. मी लगेच तू सांगितलं होतंस ते बोलले, कागदाचं. कागद तू नेला होतास हे त्यांना आत्ता कळलं! साच्याकडे गेलेला हात मागे घेतला. मग घातला. मी विचारलं, होतो का? दोन पावलं टाकली आणि म्हणाले, "काही टोचत नाही. काही लागत नाही. पायात आहे असं वाटतही नाही. इतका हलका जोड मी कुणाला दिला नाही."

तेव्हापासून चालतात. पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत. आधी एकदा, आता सकाळ-संध्याकाळ. न्हाव्याच्या दुकानापाशी थांबून पाय पुढे करतात. न्हावी विचारतो, कुठून आणला? तर म्हणतात, "आमच्या घरचा एकजण परदेशात अधिकारी आहे, ताटांचा." घरातही काढत नाहीत. जेवायलासुद्धा जोड घालूनच बसतात, मी ओरडते.

आणि शुगर एकशे नव्वद. डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला. मला म्हणाले, "काय केलंत तुम्ही?"

काल चालून आल्यावर हातपाय धुताना म्हणाले, "त्याला लिहीत असशील तर लिही, चालतोय म्हणावं." दोन वर्षांत तुझ्यासाठी पहिलं वाक्य. हे घे.

ताई

५ मे

ताई,

तुझं पत्र मुदपाकखान्यात सगळ्यांना वाचून दाखवलं. ताटांचा अधिकारी! आता मला सगळे साहेब म्हणायला लागलेत आणि भांडी माझ्याकडेच सरकवतात.

एकशे नव्वद म्हणजे अर्धी लढाई झाली. आता सोडायचं नाही. अर्ध्या तासाचा एक तास करा. टाकीच्या पुढे तो चढ आहे ना, तिथपर्यंत जाऊ दे. कुरकुर करतील, तू ऐकू नकोस. पाय दुखतो म्हणाले तर बहाणा समज. आणि खरं सांगू, मी पत्र लिहितो तेव्हा आता डोळ्यांपुढे तो जोड चालत असतो. गल्ली, न्हावी, टाकी. मी इथे फिरतोय असं वाटतच नाही, तिथेच फिरतोय असं वाटतं.

तिकिटासाठी पैसे साठवायला लागलोय. वर्षअखेरीस येईन म्हणतो. आबांना आत्ताच सांगू नकोस. की सांगतेस? नको.

त्यांनाच दोन ओळी लिहायला सांग ना.

भिंगरी

९ जून

प्रिय भिंगरी,

उशीर झाला. कारखान्यात काम फार होतं.

आबा बरे आहेत. जेवण वेळेवर, शुगर एकशे चाळीस. चालणं सध्या थांबलंय. ऊन फार आहे.

तू मागे लिहिलं होतंस तो गवंडी आता कसा आहे? घरी गेला का? त्याला चालता येतं का? काठीने की कशाने? सहज विचारते. आणि तो कागद कधीचा आहे रे? आबा कोपऱ्यात तारीख घालायचे ना? बघून लिही.

जेवतोस ना वेळेवर? दुसऱ्यांची ताटं लावतोस आणि स्वतः उभ्यानेच खात असशील.

ताई

२० जून

ताई,

ऊन आहे! वा. ऊन काय या वर्षी नवीन आलंय का? संध्याकाळी ऊन असतं? सरळ लिही ना, की म्हातारा कंटाळला आणि तू लाड केलेस. मला माहीत होतं. तुझ्याच्याने त्यांना नाही म्हणवत नाही. डब्यात पुन्हा साखर आली असेल खिळ्यांखाली, आणि तू बघून न बघितल्यासारखं करत असशील. आणि हे "प्रिय" कुठून काढलंस? मला कधी प्रिय म्हटलं होतंस तू?

मी इथे वजनकाट्याला शंभर प्रश्न विचारून तिचं डोकं खातो, ते सगळं तुला लिहितो, चार महिने घासून शुगर खाली आणली आणि तुम्ही चालणं सोडलंत. उन्हामुळे.

गवंडी कुबड्या घेऊन घरी गेला. त्या पलंगावर आता दुसरा आहे, त्यालाही निळं कार्ड.

कागद पेटीतून काढून बघितला. अकरा वर्षांपूर्वीचा आहे. अक्षर आईचं. स्वतःच्या पायाभोवती स्वतःला रेघ मारता येत नाही, म्हणून आबांनी आईकडून मारून घेतली असणार. अंगठ्यापाशी पेन्सिल हललीय, आबांना गुदगुल्या झाल्या असतील. पण तुला हे कशाला हवं? अकरा वर्षांत म्हाताऱ्या माणसाचा पाय काय वाढतो?

खरं काय ते लिही.

भिंगरी

४ जुलै

भिंगरी,

ताईला बोलू नकोस. मी तिला लिहू दिलं नव्हतं. ती रोज कागद घेऊन बसायची आणि मी काढून घ्यायचो. आता मीच लिहितो. अक्षर लावून घे.

जोड चांगला होता. तुझी काही चूक नाही. तू कागदावर घेतलास, धंद्यात असंच शिकवलं मी. कागदाचीही चूक नाही. पाय बदलला. शुगरने सुजतो, पसरतो, हे मला डॉक्टरने आत्ता सांगितलं. मी जन्मभर लोकांना सांगितलं, मोठ्या माणसाचं माप एकदाच. एवढा एक धंदा केला आणि त्यात हे शिकलो नाही.

जोड करंगळीला आवळत होता. मला कळलं नाही. पायाला ज्याने कळायचं तेच मेलं होतं. मी म्हणायचो काही टोचत नाही, आणि खूश व्हायचो. माझ्याकडे एखादं गिऱ्हाईक असं बोललं असतं तर मी म्हटलं असतं, अरे काहीच टोचत नाही असा जोड नसतो, पाय दाखव तुझा.

मेच्या सुरुवातीला मोजा ओला लागला. बघितलं तर करंगळीच्या बाजूला कातडं निघालेलं. दुखत काहीच नव्हतं. मोजा बैठकीखाली कोंबला. ताईला दिसला असता तर तिने चालणं बंद केलं असतं आणि तुला लिहिलं असतं की तुझा जोड लागला. तेवढ्यात तुझं पत्र आलं, चढापर्यंत जा म्हणून. गेलो. एकवीस दिवस गेलो. साच्यावर चढवला असता तर एका दिवसाचं काम होतं. पण तुझी ताकीद होती, आणि कडेची रेघ तुझ्या आईची होती. मोडवेना.

वास आला तेव्हा ताईला कळलं. आधी दोन बोटं काढली. मग पुरलं नाही. डावा पाय गुडघ्याच्या खाली चार बोटांवर तोडला. चादर तू लिहिलीस तशीच पडते. बरोबर लिहिलं होतंस.

ताई स्वतःला खाते. म्हणते, रोज ताट बघितलं, पाय एकदाही बघितला नाही. तिला तू समजाव, माझं ऐकत नाही. जेवण तिचं चांगलं असतं आता. शुगर एकशे तीस. डॉक्टर म्हणतो, उत्तम.

तू यायचं म्हणतोस हे ताईने सांगितलं. येऊ नकोस. मला बघून तू राहशील, मग महिन्याभरात तुझं बूड हलेल आणि पुन्हा अर्धवट टाकून जाशील. ते एकदा सोसलं. तिथे आहेस तिथे टिक.

उजवा जोड अजून चांगला आहे. तो मी सैल करून घेतला.

आबा

२४ जुलै

आबा, आणि ताई,

पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना म्हणून वजनकाट्याकडे नेलं आणि तिला सांगितलं काय लिहिलंय. तिने हातातलं सगळं खाली ठेवलं. मला म्हणाली, "ताटाचं सगळं विचारलंस, पायाचं का नाही विचारलंस?" मग मला सहा नंबरला नेलं आणि नर्सबाईंना म्हणाली, याला सांगा.

त्या रोज पाय का बघतात ते मला पाच महिन्यांनी कळलं. मी रोज त्यांच्या शेजारून ताट घेऊन जात होतो, आबा. हाताच्या अंतरावरून. एकदा थांबून विचारलं असतं तर.

आता जे सांगितलं ते लिहितो, उजव्या पायासाठी. ताई, हे तुझं काम. रोज संध्याकाळी तळपाय बघायचा. आबांना पाय वर धरवला नाही, तर खाली आरसा ठेव. बोटांच्या बेचक्यांत बघ. पाणी गरम आहे का ते तुझ्या कोपराने बघ, त्यांच्या पायाने नाही. जोड घालण्याआधी आत हात घालून फिरव, खडा, शिवण, खिळा काही आहे का. मोजा पांढरा घाल, म्हणजे डाग दिसेल. लाल दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवशी नाही. व्यायाम बसून करायचा, खुर्चीत, हातांचा आणि गुडघ्याचा. नर्सबाईंनी करून दाखवला, त्याचं चित्र काढून सोबत ठेवलंय. माणूस बटाट्यासारखा आला आहे, पण समजेल.

आणि माप नवं घे. संध्याकाळी, पाय सुजलेला असताना, उभं करून. आबांना गुदगुल्या होतात अजून की नाही, ते लिही. होत नसतील तर तेही लिही. दर तीन महिन्यांनी घे आणि प्रत्येक कागदावर तारीख घाल.

ताई, तू स्वतःला खाऊ नकोस. मी लिहिलं होतं, पाय दुखतो म्हणाले तर बहाणा समज. ती ओळ माझ्या हातची आहे. ती तू तुझ्या नावावर घेऊ नकोस. ते तर दुखतो म्हणालेही नाहीत.

आईचा कागद मी पाठवत नाही. तो आता कुणाच्या पायाला लागणार नाही. माझ्याकडे राहू दे.

आबा, तुम्ही येऊ नकोस म्हणालात. मी नाही येत. सहा नंबरमध्ये सकाळी पाय धुवायला माणूस हवा होता. कुणी तयार होत नाही, वास असतो. मी नाव दिलंय. बसून करायचं काम आहे, एकेका पायाला वीस मिनिटं. आज सातवा दिवस. उठलो नाही.

डॉक्टर नव्या पायाबद्दल बोलले असतील. लाकडी नको, हलका घ्या, आत मऊ अस्तर असलेला. त्याच्यावरचा जोड मात्र तुम्हीच करा. तिकिटासाठी साठवलेले सगळे पैसे पाठवतोय. अठरा हजार सहाशे चाळीस.